मंगळसूत्र काढून हॅलो

नाशिकला, सिडकोतल्या आमच्या घरात पहिला मोबाइल आला तेव्हा मला सातवा महिना होता. आणि त्याच आठवड्यात पेपरच्या पुरवणीत नको ते वाचलं... अंगावरचा धातू फोनच्या अँटेनाजवळ आला, तर शरीरात जाणारं रेडिएशन वाढू शकतं म्हणे. चष्म्याची फ्रेम, गळ्यातली साखळी, काहीही!

झालं. आधीचं एक बाळ पोटातच गेलं होतं माझं, त्यामुळे या खेपेला जिवाला नुसता घोर. डॉक्टर म्हणाले, "फोन कानाला लावता, पोटाला नाही. बोलणं आटोपतं ठेवा, बाकी काळजी नको." पण काळजी अशी सांगून जाते होय?

यांची नोकरी फिरतीची, म्हणून मोबाइल घरी माझ्यापाशीच असायचा; फोन तर घ्यावाच लागे. मग मी आपला नियमच केला. फोन वाजला की आधी चष्मा काढायचा, मग मंगळसूत्र डोक्यावरून काढून फ्रिजवर ठेवायचं... आणि मग हॅलो. कुणाला काही बोलले नाही, हसतील म्हणून.

डोहाळजेवणासाठी सासूबाई, म्हणजे आमच्या आई, सायखेड्याहून आल्या. त्या दिवशी हे मोटरसायकलवरून सटाण्याला गेले होते. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या, आणि बाहेर फोन वाजला.

मी धावले, सवयीने सगळं उतरवलं, पण फ्रिजपर्यंत जायला वेळ नव्हता. आई डोकावल्या तेव्हा फोन माझ्या कानाला आणि मंगळसूत्र हातात... त्यांच्या हातातलं लाटणंच गळून पडलं.

"अगं बाई गं! काय झालं माझ्या पोराला?" म्हणत त्या मटकन खाली बसल्या.

फोनवर हे विचारताहेत, "आई का ओरडतेय?" मी फोन सरळ आईंच्या कानाला लावला. "कुठं हाये रं तू? बरा हाये ना?" लेकाचा आवाज ऐकला तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

मग वळल्या माझ्याकडे. "हे कसलं सोंग गं पोरी?"

मी सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच रडू फुटलं. "आई, याही बाळाला काही झालं तर?"

वाटलं, आता आपली खैर नाही. पण त्या उठल्या. डब्यातून हळकुंड काढलं, पिवळ्या केलेल्या दोऱ्यात ओवलं आणि माझ्या गळ्यात बांधलं. "घे. यात सोनं नाय न् लोखंड नाय. तुझ्या बाळाला भ्या नाय, माझ्या बाळालाबी नाय."

बाळंतपण होईपर्यंत ते हळकुंड माझ्या गळ्यात होतं. पोरगी सुखरूप झाली... आता ती इलेक्ट्रॉनिक्स शिकते. सांगते, धातूचा आकार केवढा, तो अँटेनापासून किती लांब, यावर सगळं ठरतं. रेडिएशन कधी वाढतं, कधी कमीही होतं.

असेल बाई. पण आई आता थकल्यात, आणि आजही फोन वाजला की त्यांची नजर आधी माझ्या गळ्याकडे जाते. मी पदर जरा बाजूला करते, त्यांना मंगळसूत्र दाखवते, आणि मगच हॅलो म्हणते.