सगुणाबाईंचा दगड

ईस्टरच्या आदल्या दिवशी माझ्या संडे स्कूलच्या मुलांना घेऊन आमच्या मेथडिस्ट चर्चच्या स्मशानभूमीत गेले. थडगी घासायला नारळाची भिजवलेली सोडणं हातात घेतली आणि त्या ओलसर, मातकट वासाने मी पुन्हा नऊ वर्षांची झाले.

तेव्हा संडे स्कूलच्या मार्थाबाई दरवर्षी आमच्याकडून जुनी थडगी घासून घेत. माझं थडगं सगळ्यांत स्वच्छ दिसावं म्हणून मी असा जोर लावला, की जांभ्यावरचा चुना नावासकट गळून पडला. मला रडूच फुटलं.

बाई शेजारी उकिडव्या बसल्या. "रडतेस काय गो? सगुणाबाई होत्या ह्या. देवरूखपर्यंत चालत जायच्या, बायकांना वाचायला शिकवायच्या. दगडावरचं गेलं ना? मग आता दरवर्षी तू सांगायचंस."

पाळकांनी नवी पाटी लावू म्हटलं, तर बाईच नको म्हणाल्या. तेव्हा मला ती शिक्षा वाटली होती. केवढा विश्वास टाकला होता त्यांनी एका वेंधळ्या पोरीवर, हे आता कळतं.

दरवर्षीसारखी यंदाही त्या कोऱ्या दगडापाशी थांबले. तोंड उघडणार, इतक्यात मागून एक चिमुरडी म्हणाली, "बाई, आज मी सांगू? ह्या सगुणाबाई."