गव्हाणीचं विसर्जन

सर्व धर्म शेवटी एकच आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या त्या सात-आठ वर्षांत वर्ध्यात सभा कसलीही असो, अगदी सरकीच्या भावाची असली तरी, हे वाक्य व्हायचंच. बोलणाऱ्यांना त्याचा त्रास नव्हता, कारण घरी गेल्यावर त्यातलं काही करायचं नसे. आमच्या घरमालकीणबाई सभांना जात नसत. त्यांनी ते खरं धरलं होतं.

मी हायस्कुलात मास्तर होतो आणि त्यांच्याकडे मागच्या एका खोलीत राहत होतो. शेजारच्या खोलीत दवाखान्यातली एक ख्रिस्ती नर्स होती. तिला सगळे सिस्टर म्हणत. नवरा कधीच वारला होता. एकुलती मुलगी त्या पावसाळ्यात घटसर्पानं गेली आणि तिचे कपडे, पाटीदप्तर, बाहुल्या, सगळं जाळावं लागलं. दर नाताळात मायलेकी गव्हाणीचा छोटा देखावा मांडत. यंदा तो होणार नाही, असं मी धरून चाललो होतो. डिसेंबरात एका संध्याकाळी सिस्टरनं मला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या तोडून मागितल्या.

पऱ्हाट्यांचा गोठा झाला, वर तणसाचं छप्पर. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची चांदणी झाली. मरिया आणि योसेफ तिनं मातीचे केले, मेंढ्या मी केल्या. त्या डुकरांसारख्या दिसत होत्या. कापूस लावल्यावर ओळखू येतील, असं ती म्हणाली. तसं काही झालं नाही. दोऱ्याच्या रिकाम्या रिळांचे तीन राजे केले आणि त्यांना खादीच्या चिंध्यांच्या टोप्या घातल्या, तेव्हा ते थेट स्वागत समितीचे सभासद वाटू लागले. सिस्टर पावसाळ्यानंतर पहिल्यांदा हसली, तेही थोडंच. मालकीणबाईंनी तान्ह्या पोळ्याचे दोन लाकडी बैल आणून दिले.

गव्हाणीतलं बाळ करायचं नव्हतं. ते ट्रंकेतल्या बिस्किटाच्या डब्यात होतं, म्हणून जाळण्यातून वाचलेलं. गेल्या वर्षी मुलीनं सूतकताईच्या कापसाच्या पेळूला दोरा गुंडाळून केलेलं, बोटाएवढं. शाईचे डोळे काढलेले, त्यातला एक कपाळावर गेलेला. मुलीच्या हातचं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. हे तिनं मला सांगितलं. मालकीणबाईंना सांगायची वेळ आली नाही.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरला टोचणीच्या कामासाठी खेड्यांत जावं लागलं आणि मी सुट्टीत गावी गेलो. खोलीची किल्ली मालकीणबाईंकडे होती. त्यांनी पहिल्या दिवशी देखाव्यापुढे दिवा लावला, दुसऱ्या दिवशी लावला. मग त्यांना ते बरं दिसेना. मातीचा देव, माणूस घरात नाही, नैवेद्य नाही. एवढ्यासाठी टांगा करून त्या पवनारला धाम नदीवर गेल्या.

मी आणि सिस्टर एकाच दिवशी परतलो. मालकीणबाई पुसून स्वच्छ केलेले बैल आणि खोबऱ्याचा प्रसाद घेऊन आल्या.

"मातीचा देव वाळत ठेवू नाई, सिस्टरबाई," त्या म्हणाल्या. "तुमचाबी अन् आमचाबी. मी धामेत सोडून आली. बैल लाकडाचे, ते वापस आणले."

सिस्टरनं विचारलं, "आणि बाळ?"

"त्याले सगळ्यात पहिले सोडलं. मान त्याचाच ना."

सिस्टरनं खोबरं हातात घेतलं. मी काही बोलायच्या आत तिनं माझ्याकडे पाहिलं. मालकीणबाई गेल्यावर तिनं ते चावून चावून खाल्लं.

महिनाभरानं एका सभेत घरमालकांनी, म्हणजे त्या बाईंच्या यजमानांनी, ही हकिकत सांगितली. हिंदू गृहिणीच्या ओंजळीतून ख्रिस्ताचं बाळ धामेच्या अथांग पाण्यात कसं विलीन झालं, हे ऐकून समोरच्या दोघातिघांनी डोळे पुसले. सिस्टर तेव्हा बदली घेऊन गेली होती.

प्रसाद खाल्ला त्याच दुपारी मी आणि ती पवनारला गेलो होतो. धामेला घोट्याएवढं पाणी होतं. अंधार पडेपर्यंत शोधलं. एक रीळ सापडलं.