सीटवरची दस्ती

स्वस्त म्हटलं की माझे पाय आपोआप तिकडं वळतात, हे आधीच सांगून टाकते. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराजवळ एक मोठं स्वस्ताईचं दुकान आहे. साखरेपासून चपलांपर्यंत सगळं मिळतं. दारावरचा माणूस आपल्या पिशवीचं तोंड बांधून टाकतो आणि आत ‘काय हवंय’ म्हणून कुणी विचारत नाही. पगार झाला की पहिल्या रविवारी मी तिथं ढकलगाडी घेऊन रांगेत उभी असते. बिल करणारी पोरगी सकाळपासून उभीच का, तिला बसायला साधं स्टूल का नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तूरडाळ स्वस्त मिळत असली की असले प्रश्न पडत नाहीत. त्यामुळं भावानं विमानाचं स्वस्त तिकीट काढलं, तेव्हा मला आनंदच झाला. भीती नंतर आली, आणि खरं सांगायचं तर ती अजून गेलेली नाही.

धाकटा भाऊ बंगळुरूला असतो. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याच्याकडे पाळणा हलला. बारशाला आत्या लागते, बाळाच्या कानात नाव तीच सांगते. आणि नातवाचं तोंड बघायला आमचे वडील आसुसले होते. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. सोयगावाकडं शेती, सगळा जन्म तिथं गेला. आई गेल्यावर मी त्यांना इकडं आणलं. वय ऐंशीच्या घरात. गेल्या वर्षी लकव्याचा हलका झटका आला. हातपाय सावरले, पण तेव्हापासून गडबडले की त्यांचे शब्द अडकतात. काय म्हणायचंय ते डोळ्यांत दिसतं, जिभेवर येत नाही. घरी मी पाणी देते, शेजारी बसते, मग हळूच येतो शब्द. अनोळखी माणसाला हे कसं कळणार? म्हणून मी त्यांना एकटं कुठंच सोडत नाही. ‘मी काय लेकरू हाय का?’ म्हणून ते माझ्यावर रागावतात, तरी सोडत नाही.

विमान थेट नव्हतं. हैदराबादला थांबून तेच पुढं बंगळुरूला जाणार होतं. थेट विमानापेक्षा हे बरंच स्वस्त. शेजारीशेजारी बसायचं असेल तर मात्र सीटचे वेगळे पैसे. “ताई, उगाच कशाला?” भाऊ फोनवर म्हणाला. “आत गेल्यावर देतं की कुणीतरी बदलून.” मलाही ते पटलं. एसटीत जन्म गेलेल्या माणसांना जागा बदलून मागण्यात काय ते अवघड वाटणार.

कंपनीच्या यंत्रानं मला तिसऱ्या रांगेत टाकलं आणि दादांना पार शेवटी. एकाच तिकिटावरची दोन माणसं, त्यातलं एक ऐंशीच्या घरातलं, त्यांना इतकं लांब बसवायलाही डोकं लागतं. चिकलठाण्याच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तिनं गोड हसून सीटचा भाव सांगितला. विमानात शेजारच्या तरुणाला विचारलं. त्यानं खिडकीचे पैसे भरले होते, तो का उठेल? मधल्या सीटवरच्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या. हवाई सुंदरी म्हणाली, आता उड्डाण होऊ द्या, मग बघू. मग कुणी बघितलं नाही. ती आणि तिची मैत्रीण चहा आणि शेंगदाण्याची पाकिटं विकत फिरत राहिल्या. मी मान वळवून वळवून मागं पाहत होते, पण सीटच्या पाठींवरून दादांची टोपी काही दिसत नव्हती.

त्यांचा मोबाइल माझ्या पर्समध्ये होता. ‘बंद कर म्हणतेत, मला नाय जमत,’ म्हणून त्यांनीच दिला होता. त्यांचं आधार कार्ड, तिकिटाचा तुकडा, गोळ्या, हेही माझ्याच पर्समध्ये. हरवू नये म्हणून.

हैदराबाद आलं. बंगळुरूच्या प्रवाशांनी जागेवरच बसून राहावं, असं इंग्रजीत आणि हिंदीत सांगितलं गेलं. दादांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. विमान थांबायच्या आत सगळे उठले, मधली वाट माणसांनी आणि बॅगांनी भरून गेली. मला मागं जाताच येईना. म्हटलं, उतरू देत सगळे, मग जाऊन बसू त्यांच्याजवळ. आता जागाही रिकामी होईल. मी चक्क खुशीत होते.

वाट मोकळी झाली तशी मी मागं गेले. शेवटून दुसऱ्या रांगेत खिडकीच्या सीटवर दादांची पांढरी दस्ती होती. नीट चौकोनी घडी घालून, सीटच्या बरोबर मधोमध. माणूस नव्हतं.

आमच्याकडं हातरुमालाला दस्ती म्हणतात. आणि दस्ती सीटवर टाकलेली असणं म्हणजे काय, हे मला सांगायला कुणाची गरज नव्हती. मी शाळेसाठी औरंगाबादला वसतिगृहात राहायचे, तेव्हा सुट्टी संपली की दादा मला सोयगावहून एसटीनं सोडायला यायचे. सिल्लोडच्या स्टँडवर गाडी थांबली की ते सीटवर दस्ती टाकायचे, “लक्ष ठेव गं माय,” म्हणायचे आणि भजी आणायला उतरायचे. नवी माणसं चढायची, धक्के मारायची. मी दस्तीवर हात ठेवून ओरडायचे, “इथं माणूस हाय.” लोक ते मानायचे. उभे राहायचे, पण दस्तीवर बसायचे नाहीत. दर वेळी मला वाटायचं, आज गाडी सुटणार. ड्रायव्हर इंजिन चालू करायचा. मी खिडकीतून दादांना शोधायचे, ते दिसायचे नाहीत. कंडक्टर विचारायचा, “कुणी राहिलं का रे?” मी रडक्या आवाजात सांगायचे, दादा राहिलेत. मग तो घंटीच्या दोरीवरचा हात काढायचा. तेवढ्यात दादा धोतराचा सोगा सावरत, भज्यांचा पुडा उंच धरून पळत यायचे, हसत. त्यांना कधी भीती वाटली नाही. भ्यायचं काम माझ्याकडं होतं.

त्या दस्तीकडं बघून भ्यायचं ते काम इतक्या वर्षांनी पुन्हा माझ्याकडं आलं. दादा गाडी थांबली म्हणून उतरले होते.

तरी मी संडासाचं दार वाजवलं. आत कुणी नव्हतं. मागचा दरवाजा उघडा होता, खाली शिडी लागलेली, सिमेंटवरून भट्टीसारखी वाफ येत होती. माणसांना घेऊन जाणारी बस केव्हाच निघून गेली होती. हवाई सुंदरी रबरी हातमोजे घालून सीटच्या खाचांतले कागद आणि चहाचे कप गोळा करत होती. सफाईला वेगळी माणसं नव्हती, तेही हीच पोरं करत होती. मी तिला म्हटलं, माझे वडील इथं बसले होते. ती दस्तीकडं पाहत राहिली. मग तिनं घाईनं रांगा मोजायला सुरुवात केली, पुन्हा मोजल्या, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मोजणी आधी करायची होती. तिनं आधी कचरा उचलला होता, कारण नवे प्रवासी पाच-दहा मिनिटांत चढणार होते.

त्यानंतरचं मला तुटक तुटक आठवतं. वायरलेसवर कुणीतरी बोलत होतं. पुढच्या दारानं नवी माणसं चढायला लागली होती. एक शर्ट खोचलेला अधिकारी आला आणि समजावून सांगू लागला की प्रवासी बाहेर गेला तर पुन्हा तपासणी, त्याला वेळ लागणार, विमान तेवढा वेळ उभं राहू शकत नाही. मी सांगत होते, त्यांना बोलता येत नाही नीट, त्यांच्याजवळ फोन नाही, कागद नाही, नाव कुणी विचारलं तर कदाचित नावही सांगता यायचं नाही. तो मान हलवत होता आणि घड्याळाकडं बघत होता. शेवटी म्हणाला, “मॅडम, आप जाएंगी या उतरेंगी?”

असं विचारतात का कुणाला? मी दोन्ही बॅगा ओढल्या, दस्ती उचलली आणि मागच्या शिडीनं खाली उतरले. त्या पोरीला फैलावर घ्यायचं मी मनात जुळवत होते. ती शिडीपर्यंत मागं आली. हातात अजून कुणाचं तरी वेफर्सचं रिकामं पाकीट होतं. हळूच म्हणाली, “मॅडम, शिकायत में मेरा नाम मत लिखना. गिनती मेरी थी.” ती माझ्याइतकीच घाबरली होती, फक्त तिची भीती नोकरीची होती. मला एकदम उस्मानपुऱ्यातली बिलावरची पोरगी आठवली. जिच्यावर ओरडावं अशी ही एकच व्यक्ती माझ्यासमोर होती, आणि तिच्यावर ओरडायला माझी जीभ रेटेना. ज्यांनी तिला एकाच वेळी कचरा उचलायला आणि माणसं मोजायला लावलं, ते त्या विमानात नव्हतेच.

कंपनीच्या गाडीनं मला इमारतीपर्यंत सोडलं. तिथून मी पळत सुटले. माणसंच माणसं, आणि प्रत्येक पांढरी टोपी दादांची वाटायची. बॅगांच्या पट्ट्याजवळ नव्हते. बाकांवर नव्हते. ज्याला त्याला मी विचारत होते, आणि मला जाणवलं की माझेही शब्द अडकायला लागलेत. समोर काचेची दारं आपोआप उघडत होती, मिटत होती. त्यापलीकडं रस्ता, गाड्या, एवढं मोठं शहर. ते त्या दारातून गेले असतील तर कुठं शोधायचं? भावाला काय सांगायचं? मी तिथं उभी राहून रडले, लोकांदेखत. लाज वगैरे काही वाटली नाही.

ते दाराच्या अलीकडंच सापडले, चहाच्या काउंटरपाशी. दोन्ही हातांत दोन कागदी कप धरून भिंतीला पाठ लावून उभे होते. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. काउंटरवरच्या माणसानं सांगितलं, हे मघापासून ‘औरंगाबाद की गाडी किधर खडी है’ एवढंच विचारत होते, आणि मग तेही बंद झालं. मी त्यांच्या दंडाला हात लावला तेव्हा ते दचकले. चहा हातावर सांडला होता, हात लाल झाला होता, पण कप सोडले नव्हते.

मी पाणी पाजलं, दस्तीनं त्यांचा हात पुसला आणि ती त्यांच्या खिशात ठेवली. शेजारी बसले. बऱ्याच वेळानं शब्द आला.

“गाडी गेली?”

“गेली, दादा.”

“अन् तू?”

“मी उतरले.”

“दस्ती टाकली व्हती म्या,” ते म्हणाले. जणू यात त्यांची काही कसूर नाही हे मला पटवून द्यायचं होतं. “मला वाटलं, तुला चहा घेऊन यावं. तिथं लई महाग सांगत व्हते.”

भावानं फोनवर स्वतःला शिव्या घातल्या आणि संध्याकाळच्या विमानाची तिकिटं काढतो म्हणाला, या वेळी सीटच्या पैशांसकट. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, तो हाच. पण दादांनी मान हलवली. नको म्हणाले. विमानात चढायचं नाही. मी समजावलं, भावानं समजावलं, नातवाचं तोंड दाखवलं फोनवर. नातवाकडं बघून त्यांचे डोळे भरून आले, तरी ते नाहीच म्हणाले. घरी जायचं, एवढंच.

रात्र लॉजवर काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नांदेडमार्गे औरंगाबादला जाणारी बस धरली. बारशाला भावजयीनं फोन बाळाच्या कानाशी धरला आणि मी आमच्या घरातून नाव सांगितलं. पण तो नंतरचा भाग.

नांदेडच्या स्टँडवर बस थांबली. माणसं उतरू लागली. मला सवयीनं वाटलं, आता दादा उठतील, चहा नाहीतर भजी आणतो म्हणतील. बसमध्ये तर ते आयुष्यभर उतरत आलेले. मी पाय आखडून घेतले, त्यांना वाट दिली. ते उठले नाहीत. समोरच्या सीटचा दांडा त्यांनी घट्ट धरला होता.

“चहा प्यायचा ना दादा?”

“तू आण,” ते म्हणाले. “मी नाय उतरत.”

मी उठले. त्यांनी कोटाच्या खिशातून दस्ती काढली, माझ्या सीटवर पसरली आणि तिच्यावर तळहात ठेवला. “लवकर ये गं माय,” म्हणाले.

चहावाल्याकडं गर्दी होती. मी कप घेऊन वळले तेव्हा ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं. खिडकीला दादांचा चेहरा चिकटलेला होता. ते गर्दीत मला शोधत होते आणि मी त्यांना दिसत नव्हते. तो चेहरा मी ओळखला. सिल्लोडच्या स्टँडवर तो माझा असायचा. मी कप उंच धरला आणि सांडत, ओरडत धावत सुटले, “दादा, आले, आले, मी इथं आहे.”