किटलीचं नाणं

अमेरिकेत येण्याआधी आम्ही काही वर्षं इंग्लंडात होतो. तिथेच बायकोला चिल्लर निरखायचा नाद लागला. तिथल्या टांकसाळीने दहा पेन्सच्या नाण्यांची एक मालिका काढली होती. प्रत्येक नाण्यावर इंग्रजीतलं एक अक्षर आणि त्या अक्षरावरून तिकडची एखादी खास गोष्ट. सी म्हणजे क्रिकेट, झेड म्हणजे झेब्रा क्रॉसिंग. दुकानदाराने परत दिलेल्या सुट्ट्या पैशांत ती क्वचित, चुकूनमाकून सापडायची. ऑनलाइन सगळीच्या सगळी विकत मिळत होती, पण बायकोच्या लेखी ते कॉपी करून पास होण्यासारखं होतं. नाणं चिल्लर म्हणूनच हातात आलं पाहिजे, यावर ती ठाम.

पुढे माझी बदली हर्नडनला झाली आणि संग्रह अर्धवट राहिला. व्हर्जिनियात इंग्लंडची चिल्लर कोण देणार? मग ऑफिसच्या कामासाठी लंडनला जाऊन आलेल्या प्रत्येकाला बायको जेवायला बोलवू लागली. पाहुण्याला वाटायचं, किती अगत्य. गुलाबजाम वाढून झाले की ती अगदी सहज विचारायची, तिकडचे काही सुट्टे उरलेत का हो? माझ्या एका सहकाऱ्याने एकदा अशीच खिशातली चिल्लर टेबलावर ओतली आणि त्यात टी निघाला. टी म्हणजे टी, वर चहाची किटली. आनंदाच्या भरात बायको त्या दिवशी जेवलीच नाही. नाणं तिने दाराजवळच्या किल्ल्यांच्या वाटीत ठेवलं, येताजाता दिसावं म्हणून.

तेव्हा सासूबाई नाशिकहून आमच्याकडे आल्या होत्या. शनिवारी सकाळी त्या आणि मी ग्रोसरीला निघालो. आमच्या जवळच्या दुकानात साखळीला अडकवलेली सामानाची कार्ट सोडवायला क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचं नाणं, घालावं लागतं; कार्ट पुन्हा साखळीला लावली की ते परत मिळतं. त्याला सासूबाई पावली म्हणतात. कार्टसाठीची पावली त्याच वाटीत असायची. निघताना त्यांनी ती उचलली, दुकानापाशी खाचेत दाबली आणि कार्ट सुटली. भाजी घेतली, दूध घेतलं. परत येताना एक दाढीवाला दांडगा माणूस समोर आला, त्याने सासूबाईंच्या हातावर आपलं क्वार्टर ठेवलं आणि कार्ट घेऊन आत गेला. सगळेच असं करतात.

घरी आल्यावर बायकोने वाटीत पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे, जास्त वेळ.

दहा पेन्स आणि क्वार्टर जवळजवळ एकाच मापाचे. सासूबाईंनी पर्स उघडून दाढीवाल्याची पावली पुढे केली आणि शांतपणे म्हणाल्या, "हरवलेलं नाहीये गं. फिरायला गेलंय. चल, घेऊन येऊ."

आम्ही तिघं पुन्हा दुकानाच्या पार्किंगमध्ये. शनिवारची गर्दी, जिकडेतिकडे कार्टच कार्ट. प्रत्येक कार्टच्या खाचेत नाण्याची अर्धी कड तेवढी दिसते. बायको वाकून वाकून बघू लागली, तशी लोकं आपापल्या पिशव्या जवळ ओढू लागली. सासूबाईंनी वेगळा मार्ग काढला. गाडीत सामान भरून झालेल्या माणसापाशी जायचं, गोड हसायचं, हातावर पावली ठेवायची आणि त्याची कार्ट ओढून आणायची. पांढऱ्या केसांची, साडीवर जॅकेट घातलेली बाई एवढी मदत करतेय म्हटल्यावर कोण नको म्हणणार? एका काकूंनी तर त्यांना आशीर्वादही दिला. मी गाडीमागे उभा राहून फोनवर बोलायचं नाटक करत होतो. ऑफिसमधलं कोणी दिसू नये एवढीच इच्छा.

शेवटी दाढीवाला दारातून बाहेर आला. त्याने पिकअपमध्ये सामान भरलं, कार्ट साखळीला लावली, नाणं बाहेर काढलं आणि थबकला. उलटसुलट करून बघू लागला. बायको धावतच पोचली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: इंग्लंड, अक्षरं, किटली, आई.

त्याने चेहरा अजिबात हलू दिला नाही. म्हणाला, याच्यासाठी मी रोख क्वार्टर मोजलंय, तेव्हा आता हे माझं. पण याची किंमत तरी काय?

"दहा पेन्स," बायको म्हणाली. "म्हणजे क्वार्टरपेक्षा कमीच."

तो दाढीतल्या दाढीत हसला आणि नाणं तिच्यापुढे धरलं, घेऊन जा म्हणाला. हात पुढे करायच्या ऐवजी बायको अडखळली. मला लगेच कळलं काय झालंय ते. असं फुकट घेतलं तर ते बक्षीस, चिल्लर नव्हे. भर पार्किंगमध्ये ती तत्त्वाचा प्रश्न सोडवत होती, आणि तो बिचारा हात पुढे करून उभा.

सासूबाईंनी लेकीचं तोंड बघितलं. पर्समधून एक डॉलरची नोट काढून त्याच्या हातात दिली आणि आपल्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "चेंज, प्लीज."

त्याला नेमकं काय समजलं, देव जाणे. पण त्याने खिसा चाचपला, तीन क्वार्टर काढली, त्यांवर चौथं म्हणून किटलीचं नाणं ठेवलं आणि अगदी दुकानदारासारखं म्हणाला, हॅव अ नाइस डे. बायकोने मुठीत नाणं घट्ट धरलं. परतीच्या रस्त्यात ती एकदाही माझ्यावर चिडली नाही.

थंडी सुरू व्हायच्या आत सासूबाई परत निघाल्या. लंडनला विमान बदलायचं होतं. नाशिकला पोचल्यावर त्यांनी व्हिडिओ कॉल केला आणि कॅमेऱ्यापुढे काहीतरी धरलं. क्यू. वर रांगेत उभी असलेली माणसं. विमानतळावरच्या दुकानात चहा घेतला आणि सुट्टे मागितले म्हणे, त्यात मिळालं. बायको खुर्चीवरून उठलीच. क्यू आमच्याकडे नव्हता.

"आई, कोणाबरोबर पाठवतेस?" तिने विचारलं.

"पाठवते कशाला," सासूबाई म्हणाल्या. "मी माझी वेगळी डबी केलीय."