भोंगेकाकांचे कान

नगरपालिकेच्या वीज खात्यातल्या या गृहस्थांना सगळे भोंगेकाका म्हणत. मोठ्या चौकात दर बुधवारी दुपारी एक ते पावणेदोन फुकट कार्यक्रम असे. कधी गाणं, कधी जादू, कधी नकला. आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं डबे घेऊन येत आणि जेवता जेवता बघत. आवाजाची व्यवस्था एकोणीस वर्षं काकांकडे होती. कार्यक्रम रंगला की लोक कलाकाराला टाळ्या देत. फसला की वळून काकांकडे बघत.

छप्पन्नाव्या वर्षी त्यांना बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे झाले. आधी कळलं ते बायकोला. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली, आणि हे शेजारीच पेपर वाचत बसलेले.

"कान दाखवून या," ती म्हणाली.

"तुझं बोलणं ऐकू येतंय ना? मग झालं तर."

"माझं बोलणं तुम्ही ऐकलंत कधी?"

डॉक्टरकडे काही ते गेले नाहीत. त्यांनी तोडगा काढला. माइकने शिट्टी मारली की माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. तेव्हा काका पहिल्या रांगेकडे तोंड करून बसू लागले. आठ्या दिसल्या की आवाज कमी करायचा. दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

मग एका बुधवारी बासरी वाजवणाऱ्या बाई आल्या. ऊन रणरणत होतं. लोकांनी वर्तमानपत्रं, फायली, हाताला लागेल ते डोक्यावर धरलं होतं. काकांना एकही कपाळ दिसेना. माइक किंचाळू लागला. बाईंनी हाताने खुणा केल्या, पण काकांचे डोळे रांगेवरच. शेवटी वाजवणं थांबवून त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

सबंध चौकाने ते ऐकलं. कुणीतरी फिसकन हसलं.

काका उठून त्यांच्याजवळ गेले. "उंच सूर येत नाहीत. दोन वर्षं झाली." हेही माइकवरून गेलं. मग त्यांनीच माइक बंद केला. बाईंनी लोकांना जवळ बोलावलं आणि उरलेला वेळ तसंच वाजवलं. मागच्यांना फारसं काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "आम्हाला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर काढलं असतंत."

"आता काय वेगळं होणार आहे?"

काकांची बदली दिव्यांच्या गोदामात झाली. चौकात नवी तंत्रज्ञ आली. पहिल्याच बुधवारी तिचा अर्धा तास वाया गेला, कारण फरशीखालची कुठली वायर कुठे जाते हे काकांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ती तडक गोदामात आली.

"काका, वायरींचा नकाशा द्या."

"नकाशा नाही. डोक्यात आहे."

"मग डोकं घेऊन या."

तेव्हापासून बुधवारी वायरी काका जोडत आणि आवाज ती सांभाळे. त्यांनी कानाचं यंत्रही घेतलं. त्यातून सगळं जग भांडी आपटल्यासारखं वाजतं, अशी त्यांची तक्रार होती.

एकदा बायको डबा घेऊन चौकात आली. त्या दिवशी जादूगार होता. दोघं पायऱ्यांवर बसून जेवली. जादूगाराच्या बाहीतून भलताच पत्ता खाली पडला. बायको पोट धरून हसली. काका हसले नाहीत; सबंध चौकासमोर उघडं पडणं काय असतं, ते त्यांना ठाऊक होतं. कार्यक्रम संपताच डब्याचं झाकण लावून ते वायरी गुंडाळायला उठले.