उलटा छापलेला कोपरा

शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्यावर माझा पहिल्यापासून संशय होता. मी तशी संशयी आहेच, मान्य. पण हा माणूस माझ्या बाबांना चित्रं देत होता, तीही फुकट. फुकट कोण देतं हो आजकाल?

आई गेल्यावर बाबा पुण्याहून कायमचे माझ्याकडे सिडनीत, गिरावीनला आले. सकाळी मी ट्रेनने पॅरामॅटाला ऑफिसला गेले की बाबा पार्कात चालायला जायचे आणि परत येताना म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये बसायचे. म्हातारा तरुणपणी इंग्लंडहून आलेला. जन्मभर वॉटरकलरमध्ये डोंगर आणि ओढे रंगवत फिरला होता. इथल्या उन्हात कागद ओला राहत नाही अशी त्याची इतक्या वर्षांनीही तक्रार होती. तेच डोंगर छापायला गॅरेजमध्ये त्याचा हाताने फिरवायचा प्रेस होता. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, रेघांत शाई भरायची, वर ओलसर कागद ठेवायचा आणि चाक फिरवायचं. चाक फिरवायला कोण, तर माझे बाबा! मला वाटलं, बिनपगारी गडी बरा मिळाला याला.

आणि चित्रं तरी कसली? ब्लू माउंटन्स नाहीत की समुद्र नाही. आमच्याच भागातलं पार्काचं गेट, आमचाच बसस्टॉप, कोपऱ्यावरचं जॅकरांडाचं झाड. आधी रंगीत होती, मग खिशात मावतील एवढी काळी-पांढरी छापील यायला लागली. मी विचारलं, हे काय हॉलमध्ये लावायचंय? बाबांनी घाईघाईने चित्र खिशात घातलं आणि विषय बदलला. ज्या माणसाला साधं वाढदिवसाचं सरप्राइज पोटात ठेवता येत नाही, तो माझ्यापासून काहीतरी लपवत होता. म्हातारा कसल्या सह्या-बिह्या तर घेत नसेल? मी एकदा मुद्दाम गॅरेजपाशी जाऊन डोकावले. तो टेबलावर चित्रं ओळीने मांडत होता आणि बाबा एकेकावर बोट ठेवून काहीतरी घोकत होते. मला पाहून दोघं गप्प झाले. नंतर मी बाबांचं कपाटही तपासलं. काही मिळालं नाही, म्हणून संशय आणखीच वाढला.

मग एका दुपारी बाबा घरी आलेच नाहीत. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. त्यांचा फोन टेबलावर तसाच. मी तावातावाने गॅरेजमध्ये गेले, तर म्हातारा एकटाच. बाबा कुठे आहेत म्हणून विचारलं तर याचा चेहरा पडला. कालचं नवीन चित्र त्यांच्याजवळ आहे का, एवढंच त्याने विचारलं. त्याला गाडीत घातलं आणि निघालो.

जॅकरांडापाशी दोन रस्ते फुटतात. झाडाच्या डावीकडचा आमचा. बाबा सापडले उजवीकडच्या रस्त्याला, पार शेवटी, कुणाच्या तरी कंपाउंडच्या भिंतीवर बसलेले. हातात चित्र.

"यात रस्ता झाडाच्या उजवीकडे आहे," ते म्हणाले. "मी बरोबरच आलो. घरच नाहीये."

म्हाताऱ्याने चित्र पाहिलं आणि डोकंच धरलं. पत्र्यावर दिसतं तसं कोरलं की कागदावर उलटं उमटतं, डावं ते उजवं. जन्मभर त्याने डोंगर असेच उलटे छापले, कुणाचं काही बिघडलं नाही. गेट, बसस्टॉप उलटे आले तरी चालून गेलं, पण हाताच्या सवयीने हा कोपराही तसाच कोरला गेला.

गाडीत सगळं बाहेर आलं. बाबा कितीतरी दिवस पार्कातून घरचा रस्ता विसरत होते. म्हाताऱ्याने त्यांना एकदा हात धरून घरी आणलं, तेव्हापासून हा चित्रांचा उद्योग. रंगीत चित्रं घामाने पुसली जात, म्हणून छापील. मला सांगायचं नाही असं बाबांनी त्याच्याकडून वचन घेतलं होतं.

"तुला कळलं असतं तर मला एकट्याला बाहेर सोडलं असतंस?"

नसतंच सोडलं. म्हाताऱ्याला मी वाट्टेल ते बोलले. तो ऐकून घेत राहिला, आणि मी रडत होते.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आता माझा संशय बाबांनी चष्मा कुठे ठेवला इथपासून सुरू होतो. बाबांचं चालणं बंद करायचं मी ठरवलंच होतं. त्याआधी म्हटलं, बघू तरी ती चित्रं. बाबांनी किचनच्या टेबलावर ती क्रमाने मांडली. शेवटचं आमचं घर. दारात एक बाई, कमरेवर हात, कपाळाला आठ्या.

"ही कोण?"

"तू. इथली घरं सगळी सारखी. मीच त्याला म्हटलं, हिला काढ, म्हणजे मी चुकणार नाही."

म्हाताऱ्याने आरशात बघून तो कोपरा पुन्हा कोरून दिला. बाबा आता दुपारी चालायला जातात, फोन गळ्यात अडकवून. त्या वेळी मी घरूनच काम करते. ते यायच्या सुमारास कमरेवर हात ठेवून दारात उभी राहते. आमच्या दारातून दिसणाऱ्या जॅकरांडापाशी ते थांबतात, खिशातून चित्र काढतात, एकदा त्याच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे. मला हसू येतं, रडूही येतं. पण मी आठ्या तशाच ठेवते, ते फाटकाच्या आत येईपर्यंत.