वीस वर्षं अडवलेला नवस

देवाचं नाव काढलं की माझं टाळकं फिरायचं. लायबेरियातल्या यादवी युद्धातून मी जिवंत कोल्हापूरला आलो, त्या दिवसापासून घरादाराचं एकच पालुपद, जोतिबानं वाचवलं. आई नवस बोलली होती, पोरगा आला की त्याच्या हातनं डोंगरावर गुलाल-खोबरं उधळवीन, तोवर पायात चप्पल घालणार न्हाय. मी आलो आणि डोंगरावर जायला साफ नकार दिला. उन्हाळ्यात डांबरावर आईचे पाय पोळायचे, तरी मी हटलो नाही. वीस वर्षं गेली अशी.

कारण मला वाचवलं ते मार्थाबाईनं. मी तिकडं लाकडाच्या मिलमध्ये फिटर होतो. लढाई शहरात शिरली तसा आमचा मालक विमानानं पळाला, आम्हाला साधं सांगितलंसुद्धा नाही हरामखोरानं! मिलच्या दारात भाजलेली केळी विकणाऱ्या या बाईनं मला घरात लपवलं. पुढं ती, तिचा भाऊ जोसेफ आणि मी बंदराकडं चालत निघालो. वाटेत बंदूकवाल्यांनी अडवलं. बाईनं एका हातानं मला धरलं, दुसऱ्या हातानं भावाला, आणि ओरडली, "हे दोघं माझे आहेत!" परदेशी म्हणून मला सोडलं. जोसेफला ओढून नेलं. गोळीचा आवाज मी ऐकला. तरी बाईनं बोटीपर्यंत माझा हात सोडला नाही. यात कसली डोंबलाची कृपा? जोसेफचा देव काय झोपला होता? हे मी घरी कुणाला बोललो नाही, नुसता चिडत राहिलो.

यंदा आईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी अनवाणी चालणं बंद करायला सांगितलं. मग झक मारत तिला घेऊन डोंगरावर गेलो. देवळापुढं मूठभर गुलाल घेतला आणि 'चांगभलं' म्हणायचं सोडून भडकलोच. मोठ्यानं सगळं ओकलो, जोसेफसकट. लोक बघत होते. बघू देत.

आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झाल्या देवाला शिव्या घालून? आता मला सांग, तू सुखरूप पोचलास म्हणून त्या बाईला कळवलंस का?"

"न्हाय."

"वीस वर्षांत एकदा बी न्हाय? आरं, तुझी वाट बघून मी हितं अर्धी झालती. तिनं तर भाऊ घालवून तुला धाडला. तिचा जीव टांगणीला लागला नसंल व्हय?"

देवावर चिडणं सोपं होतं, पत्र लिहायला मात्र मी भ्यालो होतो. तिला काय तोंडानं लिहायचं? तिथंच गुडघे टेकले. "मला वाचवलंस, उपकार झाले. आता ती जिवंत असू दे," एवढंच मागितलं आणि गुलाल उधळला.

घरी येऊन तिच्या वस्तीतल्या चर्चच्या पत्त्यावर पत्र धाडलं. ते पोचेल का, उत्तर येईल का, सगळं आता जोतिबाच्या हाती सोडलंय. पत्रातली पहिली ओळ आईनं सांगितली, तशीच मी तिकडच्या भाषेत उतरवली: "बाई, तुमचा पोरगा पोचला."